टेपबाईनं अडवलेला चर

आमच्या आत्याला तिच्या कार्यालयात कोणी नावानं ओळखत नाही. समोर सगळे 'बाई' म्हणतात आणि पाठ वळली की 'टेपबाई'. शर्टाच्या खिशात पाच मीटरचा मोजायचा टेप असल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, आणि समोरच्यानं काहीही अंदाजपंचे सांगितलं की तिचा हात आपोआप खिशाकडे जातो. आमच्याकडे नवीन कपाट आलं तेव्हा दुकानदार म्हणाला, बसेल की आरामात. आत्यानं आधी कपाट मोजलं, मग दार मोजलं, आणि मग दुकानदाराकडे असं पाहिलं की त्याची माणसं कपाट उचलून मुकाट्यानं परत निघाली. लोकांना ती खडूस वाटते. आहेच खडूस. मी हे तिची बाजू घेऊन लिहिते आहे, पण खोटं लिहिणार नाही.

तिचं काम जमिनीखाली पाण्याचे पाइप टाकण्याचं. म्हणजे रस्त्याच्या कडेनं चर खणायचा, तळाला वाळू अंथरायची, पाइप उतरवायचा, वरून पुन्हा वाळू ओतायची, मग माती, मग रस्ता. बाविसाव्या वर्षी ती लग्न मोडून घरी आली. 'जमलं नाही' एवढंच ती त्याबद्दल सांगते आणि पुढे विचारायची कुणाची छाती नाही. आल्यावर महिनाभरात ती पाणीपुरवठ्याच्या टोळीत फावडं घेऊन उभी राहिली. टोळीचे मुकादम होते तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा. घरात आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणतो. मुलगी म्हणून त्यांनी तिला काडीची सवलत दिली नाही, उलट इतरांपेक्षा दोन घमेली जास्तच उचलायला लावली. ते निवृत्त झाल्यावर दोन मुकादम आले नि गेले, मग ही मुकादम झाली. बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून टोळीनं सुरुवातीला बरीच नाटकं केली. ती नाटकं कशी संपली ते मला माहीत नाही, पण आज आत्या चराच्या एका टोकाला उभी राहिली की दुसऱ्या टोकाचा माणूस सिगारेट विझवतो.

तिची एक सवय टोळीत चेष्टेचा विषय आहे. चर बुजवायची वेळ झाली की ती सगळ्यांना वर काढते आणि स्वतः आत उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते. चर वीस मीटरचा असो की दोनशे, कमरेइतका असो की डोक्याच्या वर, ती चालणारच. 'बाई फिरायला गेल्या,' असं टोळीतले म्हणतात. वरून सगळं दिसतंय, मग खाली कशाला उतरायचं, असं एका नव्या इंजिनिअरनं विचारलं होतं. आत्या म्हणाली, मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी असंच शिकवलं, तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांना जाऊन विचारा.

ही शिकवण अण्णांची. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, की फावडी मोजून भागत नाही, चालून बघायचं. का, ते तिनं विचारलं नाही. बापाचा शब्द तिच्या लेखी शेवटचा असायचा. ती साहेबांशी भांडली, सासरच्यांशी भांडली, माझ्या बाबांशी तर रोजच भांडते, पण अण्णांना तिनं कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी बाजारामागच्या रस्त्यावरचा जुना बिडाचा पाइप बदलायचं काम निघालं. तो पाइप एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा, अण्णांच्याच टोळीनं टाकलेला. गंजून त्याची चाळण झाली होती. खोदाईच्या यंत्रानं वरची माती काढली, पाइपाचा एक लांब तुकडा साखळीनं वर उचलला आणि आत्या तळ बघायला खाली उतरली. पाइप जिथून निघाला होता तिथली कड थोडी ढासळली होती आणि त्या मातीतून काळ्या रबरी गमबुटाचा तळवा बाहेर आला होता. जुना बूट, असेल कोणीतरी टाकलेला, म्हणून तिनं तो ओढायला हात घातला. बूट जड लागला. तिनं माती बाजूला करून बुटाच्या तोंडातून आत पाहिलं, तर बुटात पाय होता. म्हणजे पायाची हाडं होती.

तिनं बूट तसाच सोडला आणि हात वर केला. यंत्र थांबलं.

इंजिनिअर साहेब तरुण आहेत आणि स्वभावानं वाईट नाहीत. पण सकाळपासून तीन वस्त्यांचं पाणी बंद होतं आणि संध्याकाळपर्यंत सोडतो असा शब्द ते वर देऊन बसले होते. त्यांनी काठावरूनच वाकून निदान केलं, की जनावर असेल, मेलेलं कुणीतरी पुरलं असेल.

"साहेब, गमबूट घालणारं जनावर मला दाखवा, मी लगेच बुजवते," आत्या म्हणाली.

टोळीतले दोघं हसले आणि साहेबांचं डोकं फिरलं. मग त्यांनी दुसरा सूर लावला. गाव जुनं आहे, कुठंही खणलं तरी काही ना काही निघायचंच, असं ते म्हणाले. आत्ता फोटो काढू, पाइप टाकून घेऊ आणि उद्या सावकाश वर कळवू. आत्याला हा 'उद्या' चांगला ओळखीचा होता. उद्या वर पाइप असणार, परवा डांबर, आणि तेरवापासून सगळेच काखा वर करणार. ती वर आली, यंत्राच्या तोंडासमोर चराच्या काठावर पाय आत सोडून बसली आणि स्वतःच्या फोनवरून पोलिसांना बोलावलं. साहेब म्हणाले, कामात अडथळा आणल्याबद्दल मी तुमच्यावर कारवाई करीन. आत्या म्हणाली, करा, फक्त चराची लांबी-रुंदी बरोबर लिहा, मागच्या अहवालात चुकली होती.

दुपारपर्यंत रिकामे हंडे आणि बादल्या घेऊन माणसं जमली. ती चिडलेली होती आणि त्यांचं चुकत नव्हतं. एक बाई कडेवर तान्हं मूल घेऊन आली होती. मेलेल्यांसाठी जिवंत माणसांना तहानेलं ठेवता का, असं तिनं तोंडावर विचारलं. आत्यानं साहेबांकडे बोट केलं. डेपोत दोन टँकर सकाळपासून नुसते उभे आहेत, ते मागवायचा अधिकार यांना आहे, मला नाही, म्हणाली. सगळी बादलीधारी मंडळी साहेबांकडे वळली आणि साहेबांना टँकरची आठवण झाली.

"तुमचं पाणी दोन तासांत येईल," आत्या त्या बाईला म्हणाली. "हा इथं किती वर्षं पडलाय, ते मला अजून माहीत नाही."

पोलीस दोघं आले. त्यांतला थोरला चराकडे एकदा बघून लिहायला बसला आणि त्यानं पहिलंच वाक्य लिहिलं, की जुनी मानवी हाडे, अनोळखी, बहुधा जुने दफन. आत्यानं ते वाचलं आणि टेप काढला. रस्त्यापासून तळापर्यंत दोन मीटर दहा, लिहा. तळाला अंथरलेली वाळू, लिहा. तिच्यावर माणूस, माणसावर ढासळलेली काळी माती आणि त्या मातीवर वरची वाळू, लिहा. तो म्हणाला, एवढं कशाला हवं. मग तिनं त्याला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. जमीन एकदा खणली की तिचे थर पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. नंतर कोणी खड्डा खणून याला पुरला असता तर वाळू आणि माती कालवली गेली असती. इथं वरची वाळू सलग आहे. म्हणजे चर उघडा असताना हा माणूस आत होता, कड याच्या अंगावर आली आणि त्यावर आमच्याच लोकांनी वाळू ओतली. हे दफन नाही. पोलीस कंटाळला होता, पण हिच्याशी वाद घालण्यापेक्षा लिहिणं सोपं आहे हे त्याच्या लवकर लक्षात आलं. चार पानं झाली.

चार वाजता सरकारी डॉक्टर दोन माणसं घेऊन आले आणि ब्रशनं हळूहळू माती काढू लागले. आत्या जवळ उभी राहून बघत होती. माणूस कुशीवर होता, गुडघे पोटाशी, आणि एक हात डोक्याखाली उशाला घेतलेला. डॉक्टर काहीतरी मोजत होते, पण आत्याला मोजायची गरज नव्हती. तिची टोळी रोज दुपारच्या सुट्टीत अशीच झोपते. चरात झोपायची बंदी आहे, आणि उन्हाच्या दिवसांत चराच्या तळासारखी गार जागा दुसरी नाही, म्हणून बंदी असूनही सगळे झोपतात. पट्ट्याला हिरवट पडलेला एक पितळी बिल्ला होता. पूर्वी पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक कामगाराला असा नंबरचा बिल्ला मिळायचा. कोणीतरी तो काढून घ्यायला हात पुढे केला तेव्हा आत्या इतक्या जोरात ओरडली, की तो माणूस मागच्या मागे पडला. तिनं बिल्ला जागेवर असतानाच फोटो काढायला लावला आणि नंबर पोलिसाकडून अक्षरी लिहून घेतला. सत्तावीस.

इंजिनिअर साहेबांचा चेहरा उतरला. आता हा गावाचा जुना मुडदा राहिला नव्हता, कार्यालयाचा माणूस झाला होता. पाच मिनिटांत वरच्या साहेबांचा आत्याला फोन आला, की चौकशी होईपर्यंत नंबराबद्दल कुठं बोलू नका. आत्यानं फक्त हो का, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत चहा पीत होते. ऐंशी ओलांडली तरी त्यांची स्मरणशक्ती खणखणीत आहे आणि जुन्या टोळीतल्या एकेका माणसाचा नंबर त्यांना पाठ आहे. आत्या बूट न काढताच आत आली, जे ती कधी करत नाही.

"अण्णा, सत्तावीस नंबर कोणाचा होता?"

अण्णांनी कप बशीत ठेवला.

"शिट्टीचा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सापडला का?"

सापडला का. आत्यानं अजून हाडांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आत्या भिंतीला टेकून खाली बसली आणि अण्णा बोलू लागले.

शिट्टी म्हणजे त्यांच्या टोळीतला एक तरुण खोदकामगार. खणताना सतत शीळ घालायचा म्हणून टोळीनं त्याला ते नाव पाडलं होतं. त्या दिवशी सकाळी रजेवरून त्याची आणि अण्णांची जुंपली. नको तुमची नोकरी, असं तो चिडून म्हणाला, जसं सगळेच म्हणतात, आणि कामाला लागला. पाइप टाकून झाला होता. दुपारच्या सुट्टीत माणसं पांगली, हा पाइपाच्या आडोशाला चरात जाऊन झोपला असणार. मधेच कड ढासळली. कड ढासळणं रोजचंच, त्यात नवल नाही. वाळूची गाडी आली आणि सुट्टी संपल्यावर टोळीनं वाळू लोटली. मग माती. संध्याकाळी अण्णांनी हत्यारं मोजली. अठरा फावडी, बारा टिकाव, सहा पहारी. सगळी भरली. शिट्टीचं फावडं वर मातीच्या ढिगाला टेकवलेलं होतं, तेही त्यात मोजलं गेलं. त्या काळी दिवस संपवायची रीत हीच. एखादं फावडं कमी आलं असतं तर ते मिळेपर्यंत कोणाला घरी सोडलं नसतं. माणसं कोणी मोजत नव्हतं, कारण माणसं आपापल्या पायांनी घरी जातात असं सगळे धरून चालत होते. शिट्टी दिसला नाही तेव्हा अण्णांना वाटलं, गेला बोलल्याप्रमाणे. दोन दिवस वाट बघून त्यांनी हजेरीपटावर लिहिलं, काम सोडून पळाला.

त्याची बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन कार्यालयाच्या फाटकाशी आली. तीन दिवस येत राहिली. तो रागावतो पण पळत नाही, एवढं एकच ती सांगत होती. तिला सगळ्यांनी हुसकावलं, अण्णांनीही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना अण्णांच्या मनात ते फावडं आलं. पळणारा माणूस हत्यार असं नीट टेकवून ठेवेल का. ते उलट पावली बाजारामागच्या रस्त्याला गेले. तिथं डांबर पडलेलं होतं.

"खणा म्हणालो असतो तर मी आत गेलो असतो," अण्णा म्हणाले. "तू आणि तुझा दादा लहान होता. मी घरी आलो आणि जेवलो."

तेव्हापासून त्यांनी चर बुजवण्याआधी चालायला सुरुवात केली. आत्या उठून मागच्या दारी गेली आणि नळाखाली बूट धूत बसली. चांगला अर्धा तास ती ते बूट धूत होती, आणि ते कधीच स्वच्छ झाले होते. मी जवळ गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, की तीस वर्षं मी चालत होते, मला वाटायचं मी त्यांचं काम शिकले. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी तिथून सरळ निघून आले.

बाबांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. आत्याचे ते थोरले भाऊ आणि घराची अब्रू हे खातं त्यांच्याकडे. हाडं मिळाली, बिल्ला मिळाला, आता कार्यालय बघेल, अण्णांना यात ओढायचं नाही, असा त्यांनी निकाल दिला. आत्या म्हणाली, दादा, कार्यालय असं बघेल की दुसऱ्या कोणाला काही दिसणार नाही. आणि झालंही तसंच. तीन दिवसांनी वरच्या साहेबांनी तिला बोलावून एका टाइप केलेल्या कागदावर साक्षीदार म्हणून सही मागितली. कागदावर लिहिलं होतं, की सदर इसम काम सोडून गेलेला असून, नंतर मद्याच्या अंमलाखाली उघड्या चरात पडून मयत झाला असावा, त्यास कार्यालय जबाबदार नाही.

आत्यानं तो दोनदा वाचला. मग तिनं साहेबांना विचारलं, की हाडांतली दारू तुम्ही कशानं मोजलीत. साहेब म्हणाले, बाई, एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत जीव अडकवू नका, तुमची नोकरी सात वर्षं उरली आहे. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिच्या नावानं नोटीस निघाली, की वरिष्ठांच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल निलंबित का करू नये. त्याचं उत्तर मी टाइप केलं. मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, असली पत्रं मला जमतात. मी चांगली दीड पान नम्र भाषा लिहिली होती. आत्यानं ती सगळी खोडून एकच ओळ ठेवली, की खोटं होतं म्हणून सही केली नाही.

पण तिच्या एकटीच्या 'नाही'नं भागणारं नव्हतं. तिनं सांगितलेले थर पोलिसांच्या कागदावर होते, डॉक्टरांनीही माणूस झोपेत गेला असावा असं लिहिलं होतं, तरी तो कामावर होता की पळून परत आला होता, हे सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता. अण्णा बोलले नाहीत तर शिट्टी एवढी वर्षं पळपुटा होता तो आता दारुडा होणार होता. कोणाच्या तरी बापाची अशी दोनदा विटंबना व्हावी आणि आपण त्याच घरात बसून चहा प्यावा, हे मला सहन होईना. मी तसं बाबांना म्हटलं. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णा तयार नव्हते. माझे किती दिवस राहिलेत, जाताना माझ्या तोंडाला काळं फासू नकोस, असं ते आत्याला म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली. आत्यालाही आली असणार. ती त्यांच्या पायाशी बसली, त्यांचे मोजे सारखे केले, आणि बोलली ते मात्र वर बघून.

"अण्णा, फावडी मोजून भागत नाही, हे तुम्ही मला सांगितलंत. ते मला सांगायचं नव्हतं. तिला सांगायचं होतं, त्या फाटकाशी उभी होती तिला."

अण्णांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपडे करून दारात बसलेले दिसले. बाबा आडवे आले तर अण्णांनी काठीनं त्यांना बाजूला केलं.

चौकीत त्यांनी सगळं सांगितलं, त्या संध्याकाळच्या डांबरासकट. थोरल्या पोलिसानं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, की हे लिहिल्यावर तुमच्यावरही गुन्हा येऊ शकतो, माहीत आहे ना. अण्णा म्हणाले, लिहा. कार्यालयाचा टाइप केलेला कागद त्यानंतर कुठं दिसला नाही. आत्याची नोटीस अजून लोंबकळते आहे, आणि ती अजून रोज कामावर जाते.

मला वाटलं, झालं. पण आत्याच्या हिशेबी अजून काहीच झालं नव्हतं. तिनं जुन्या कागदांतून शिट्टीच्या घराचा पत्ता काढला. ते घर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर होतं. एवढी वर्षं पंधरा मिनिटांवर. एका रविवारी सकाळी ती, मी आणि अण्णा तिथं गेलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि मधे एक इस्त्रीचं दुकान. मुलगी चाळिशीची, ती गिऱ्हाइकांचे कपडे मोजून घेत होती. आई सत्तरीची, ताठ पाठीची, टेबलाशी उभी राहून शर्टाला इस्त्री करत होती. पोलिसांनी त्यांना हाडांचं कळवलं होतं. आम्ही कोण, हे आत्यानं सांगितलं, तेव्हा मुलीचे हात थांबले. आईचे थांबले नाहीत.

आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. अण्णा उंबऱ्यात उभे राहून बोलले. भांडण, झोप, वाळू, फावडी, डांबर, सगळं. मुलगी मधेच रडू लागली. लहानपणी शाळेत तिला पळपुट्याची पोर म्हणायचे, हे तिनं आम्हाला सांगितलं नाही, नंतर शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. आईनं कॉलर पुरी केली, इस्त्री उभी ठेवली आणि मग अण्णांकडे पाहिलं.

"हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "तो पळणारा नाही, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. मला आता सांगून काय उपयोग? बाहेर जा आणि गल्लीत सांगा. मोठ्यानं सांगा."

अण्णांना वाटलं असेल, ही रागानं बोलते आहे, थोड्या वेळानं पाणी देईल. ती टेबलामागून बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी राहिली.

अण्णा गल्लीत उतरले. मी त्यांचा दंड धरायला पुढे झाले, तर आत्यानं माझा हात मागे ओढला. रविवारची वर्दळ होती, कोणी भाजी घेत होतं, कोणी सायकल धूत होतं. अण्णा म्हणाले, की या घरातला माणूस पळाला नव्हता. त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असेल नसेल. सायकलवाल्यानं मान वर केली. अण्णांनी घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाले, तो पळाला नव्हता, तो कामावर होता, मी त्याच्या अंगावर चर बुजवला आणि मी खोटं लिहिलं. या वेळी दोन-चार दुकानांतली माणसं बाहेर आली. एक म्हातारा हातातली पिशवी खाली ठेवून पायरीवरच्या बाईकडे बघू लागला. ती कोणाकडे बघत नव्हती.

अण्णांना धाप लागली होती. त्यांनी काठीवर दोन्ही हात टेकले आणि आत्याकडे पाहिलं. आता चल, असंच ती नजर म्हणत होती. आत्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "गल्लीच्या त्या टोकाला ऐकू गेलं नाही."

अण्णांनी श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.